जावाची जहाजं जावाचीच होती

माझी भाची सातवीत आहे. शाळेत 'सागरी भारत' या विषयावर बोलायचंय म्हणून परवा रात्री तिने फोनवर भाषण म्हणून दाखवलं. दुसऱ्याच वाक्याला मी तिला थांबवलं. भाषण कुठून घेतलं विचारलं तर म्हणाली, आजोबांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, पाठवलेल्या मेसेजमधून. तोच मेसेज, जो गेली काही वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या घरच्या ग्रुपवर येतो आणि ज्याला सगळे हात जोडतात. आजवर मी गप्प बसले. आता तो पोरीच्या वहीत उतरलाय, म्हणून लिहिते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: 'नॅव्हिगेशन' हा शब्द संस्कृत 'नवगती'पासून आला. ही कला 6000 वर्षांपूर्वी सिंधू नदीत जन्मली. इंडोनेशियाच्या बेटांवरचे रानटी लोक तेव्हा ओंडक्यांवर बसून मासे मारत होते, त्यांना जहाज बांधायला आपण शिकवलं. तिथल्या जावा बेटावरच्या बोरोबुदूरच्या बौद्ध देवळावर कोरलेलं 'भारतीय जहाज' हा त्याचा पुरावा. आणि शेवटी तमिळ राजा राजेंद्र चोळाने ती सगळी बेटं जिंकून तिथे राज्य केलं.

शब्दाचं आधी उरकते. संस्कृतात नावेला 'नौ' म्हणतात. 'नव' म्हणजे नवीन, किंवा नऊ. नावेची गती म्हणायची तर 'नौगति' होईल, 'नवगति' नाही. 'नॅव्हिगेशन' आलाय लॅटिनमधून: नाविस म्हणजे जहाज आणि आगेरे म्हणजे हाकणे. 'नाविस' आणि 'नौ' एकाच जुन्या कुळातले, हे खरं. पण सख्ख्या बहिणींपैकी एकीला दुसरीची आई ठरवता येत नाही.

सिंधूबद्दल निम्मं मान्य. मेलुहाची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात असं आजच्या इराकमधल्या अक्कडचा राजा सारगोन सव्वाचार हजार वर्षांपूर्वी कोरून ठेवतो, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. अभिमान जरूर बाळगा. पण त्यावरून जावाच्या माणसाला पोहता येत होतं की नाही हे कसं ठरतं?

आता ते 'रानटी' लोक. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य. 2008 साली मध्य जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, रेंबांगजवळच्या पुंजुलहर्जो गावात, समुद्रालगतची जमीन खणताना लोकांना एक जुनी बोट सापडली. लांबी पंधरा मीटरच्या वर, काळ सातवं-आठवं शतक. तिची बांधणी बघा. फळी तासतानाच आतल्या अंगाला लाकडाचे उंचवटे राखलेले. त्या उंचवट्यांना भोकं. फळीला फळी जोडायला कडेत लाकडी खुंट्या. मग उंचवट्यांच्या भोकांतून माडाच्या कुळातल्या एका झाडाच्या काळ्या तंतूंची दोरी ओवून फळ्या आतल्या वाकांना, म्हणजे बोटीच्या फासळ्यांना, आवळून बांधलेल्या. लोखंडाचा खिळा नाही. ती दोरी बाराशे वर्षं चिखलात राहून अजून शाबूत होती.

आपल्या आणि अरबांच्या किनाऱ्यावर जुनी गलबतं काथ्याने शिवत. फळ्यांच्या सांध्यावर भर घालून, सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग टाके. पुंजुलहर्जोची रीत वेगळी आहे. आपण शिकवलं असतं तर हात आपला दिसला असता.

पिएर-ईव्ह मांगँ या फ्रेंच अभ्यासकाचा 1980 चा आग्नेय आशियाई जहाजांवरचा निबंध ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय त्यांनी वाचावा. त्याने जुने चिनी उल्लेख एकत्र मांडलेत. तिसऱ्या शतकातला चिनी लेखक दक्षिणेकडच्या परक्या लोकांच्या जहाजांबद्दल लिहितो: लांबी दोनशे फुटांवर, माणसं सहाशे-सातशे. हे ओंडके नव्हेत. आणि चिनी भिक्खू इत्सिंग 671 मध्ये निघाला, सुमात्रातल्या श्रीविजय राज्यात सहा महिने संस्कृत व्याकरण शिकला, आणि पुढे बंगालच्या ताम्रलिप्तीकडे आला तो श्रीविजयच्या राजाच्या जहाजातून. भारतात त्याला बेटावरच्या राजाने पोचवलं.

त्याही पलीकडे मादागास्कर आहे. आफ्रिकेजवळच्या या बेटाची भाषा इंडोनेशियाकडच्या बोर्निओ बेटावरल्या बारितो नदीकाठच्या भाषांची बहीण आहे. त्या बेटांकडच्या मलय भाषेत आकाश म्हणजे 'लांगित', मादागास्करच्या मालागासीत 'लानित्र'; पाच म्हणजे 'लिमा', तिथे 'दिमी'. अख्खा हिंदी महासागर ओलांडून भाषा, बायकापोरं नेणाऱ्यांना आपण ओंडक्यावर बसवतोय.

बोरोबुदूरची जहाजं 'भारतीय' म्हणायची सवय जुनी आहे. इतिहासकार राधाकुमुद मुखर्जींनी 1912 च्या ग्रंथात ती तशीच मांडली होती, आणि तेव्हा परक्या सत्तेपुढे मान वर करायला ते लागतही होतं. पण ज्या जहाजाचं चित्र सगळे पाठवतात त्याच्या बाजूला पाण्यावर टेकलेली उलांडी स्पष्ट कोरलेली आहे. माझ्या आजोबांच्या कोकणातल्या होडीलाही उलांडी होती. दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला बांधलेला हलका ओंडका, लाट आली की होडी कलंडू न देणारा. लहानपणी त्यावर पाय ठेवला की ओरडा बसायचा. ही युक्ती त्याच बेटांकडच्या दर्यावर्दींची, आणि त्यांच्याच ये-जा करण्यातून ती आपल्या किनाऱ्यांवर आली असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे कोकणच्या होडीत त्यांचा हात आहे. 2003 मध्ये त्या शिल्पावरून बांधलेलं जहाज जकार्ताहून निघालं आणि आफ्रिकेला वळसा घालून घानाच्या आक्रापर्यंत गेलं. त्याचं नाव 'समुद्र रक्षा'. नाव संस्कृत, बांधणी तिथलीच, आणि दोन्ही एकत्र सुखाने नांदतात.

कारण त्यांनी आपल्याकडून घेतलं, भरपूर घेतलं. लिपी, देव, बुद्ध, राजांची नावं, जहाजाला 'कपाल' हा तमिळ 'कप्पल'वरून आलेला शब्दसुद्धा. हे कुणी नाकारत नाही. पण शीड म्हणजे 'लायार', हा शब्द त्यांचाच.

राजेंद्र चोळाची 1025 ची स्वारी खरी. तंजावरच्या लेखात जिंकलेल्या बंदरांची यादी आहे. ती स्वारी होती, बेटांवर कायमचं राज्य नव्हे. आणि त्याआधी वीस वर्षं, त्याच्या वडिलांच्या, राजराजाच्या काळात, श्रीविजयच्या राजाने तमिळनाडूतल्या नागपट्टणमला बौद्ध विहार बांधला होता, ज्याला राजराजाने गाव इनाम दिलं. त्याच्याही दीडेकशे वर्षं आधी नालंदेत सुवर्णद्वीपाच्या, म्हणजे सुमात्राच्या, राजा बालपुत्रदेवाचा विहार उभा होता. जहाजं दोन्हीकडून येत होती.

भाचीचं भाषण शनिवारी आहे. 'नवगती' आणि 'रानटी' दोन्ही खोडलंय. त्या जागी ती पुंजुलहर्जोच्या बोटीच्या फळीचं चित्र काढून दाखवणार आहे, उंचवटे आणि भोकांसकट. बाबा, तुम्ही तो मेसेज ग्रुपवरून काढून टाका.