शहापूरच्या दादांना उत्तर: 'डोकं' कुणाचं आणि घर कुणाचं

दादा,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली तेव्हा राग आला. सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली आणि लक्षात आलं की निम्मी चूक माझीच आहे. म्हणून 'धन्यवाद, आपलं मत कळलं' असं दोन शब्दांत न आटपता सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. गेल्या लेखात मी शाळेला चाळण म्हटलं होतं. ज्याच्या घरात आधीच काही आहे त्याला ती वर ठेवते, बाकीच्यांना गाळते, आणि 'शाळेने समाज बदलत नाही', असं एक ठणठणीत वाक्यही ठोकून दिलं होतं. त्यावर या दादांनी मला तीन गोष्टी सुनावल्या. एक: वडील बेळगावच्या शहापुरात मागावर बसायचे, आज मी उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत चार लेथ आणि दोन सीएनसी यंत्रं चालवतो, हे शाळेमुळेच, तुमच्या फ्रेंच पंडितांना विचारा, मी कुठल्या चाळणीतून आलो. दोन: सीमाभागात मराठी शाळा हा आपला गड आहे, त्याच्या भिंतीला आपल्याच माणसाने भोक पाडायचं म्हणजे दुसऱ्याच्या हातात कोलीत देणं. तीन: मास्तरांना नावं ठेवणं फार सोपं असतं.

आधी माघार घेते. 'शाळेने समाज बदलत नाही' हे वाक्य चुकलंच. १८४८ साली पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली नसती आणि १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं नसतं, तर खानापूर तालुक्यातल्या एका भातशेतीवाल्याची मुलगी पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पोरांना समाजशास्त्र शिकवत बसली नसती. चाळणीची उपमाही फसली. पीठ चाळताना वर राहतो तो कोंडा, हे आईने फोनवर हसत हसत लक्षात आणून दिलं. तिने माझा लेख ऐकला होता, वाचला नव्हता. तिला वाचता येत नाही.

आता तुमचा पहिला मुद्दा. मी ज्याचा दाखला दिला तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए पॅरिसच्या उच्चभ्रू घरात जन्मलेला कुणी पंडित नव्हता. १९३० साली फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, दंगँ नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील शेतकऱ्याच्या घरातून येऊन टपाल खात्यात लागलेले, आणि गावात बोलली जायची त्या भागाची, बेआर्नची बोली. बोर्डिंगात राहून तो शिकला, पॅरिसच्या सगळ्यात नावाजलेल्या शिक्षणसंस्थेत पोचला आणि १९८१ साली कॉलेज द फ्रान्स या मानाच्या संस्थेत प्राध्यापक झाला. म्हणजे शाळेने उचललेला माणूस, तुमच्यासारखाच. वर पोचल्यावर त्याने मागे वळून पाहिलं आणि विचारलं, माझ्या गावातले बाकीचे कुठे राहिले? आणि ते राहिले याचं खापर त्यांच्याच डोक्यावर कसं फुटलं? झाँ-क्लोद पासरों या सहकाऱ्याबरोबर १९६४ आणि १९७० साली त्याने जी पुस्तकं लिहिली त्यांचा गाभा एवढाच. काही घरांत पोराला भाषा, पुस्तकं, बोलण्याची ढब, परीक्षेची सवय हे सगळं दुधाबरोबर मिळतं. शाळा नेमकं तेच मागते, पण ते शिकवत मात्र नाही. मग ज्याला घरून मिळालं तो 'हुशार' ठरतो. या घरच्या शिदोरीला त्याने सांस्कृतिक भांडवल म्हटलं.

पुस्तकातलं राहू दे, माझ्या घरातलं सांगते. माझा चुलतभाऊ आणि मी एकाच वर्गात. सातवीपर्यंत गणितात तो माझ्या पुढे असायचा. आठवीला मला मामाने बेळगावला, टिळकवाडीत आपल्याकडे नेलं. तिथे घरात रोजचं वर्तमानपत्र होतं, मामी इंग्रजीचे स्पेलिंग घ्यायची, संध्याकाळी शिकवणी होती आणि कुणी मला शेणी थापायला बोलवत नव्हतं. भाऊ गावातच राहिला. भातलावणी आली की पंधरा दिवस शाळा बंद, म्हणजे शाळा सुरू, हा बंद. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, इंग्रजीत गेला. पुन्हा बसला, पुन्हा गेला. मग गोव्याला हॉटेलात कामाला लागला, अजून तिथेच आहे. गणपतीला भेटला की अजूनही म्हणतो, "तुझं डोकं होतं गं, माझं न्हवतं." दादा, माझं डोकं म्हणजे टिळकवाडीतलं मामाचं घर होतं. हे त्याला मी किती वेळा सांगितलं, तो हसण्यावारी नेतो. पोरगं नापास झालं यापेक्षा त्याला ते मनापासून पटलं, याचं मला जास्त वाटतं.

आणि तुम्ही स्वतःच्या प्रतिक्रियेची पाचवी ओळ पुन्हा वाचा. 'शेजारी राहणारे मास्तर रोज संध्याकाळी मला ओसरीवर बसवून फुकट गणित शिकवायचे.' तुम्ही मेहनत केलीत, त्यात वाद नाही. पण त्या आळीतल्या किती मागांवरच्या पोरांच्या शेजारी मास्तर राहत होते? याचं उत्तर माझ्यापेक्षा तुम्हालाच ठाऊक असणार. मास्तरांना नावं ठेवल्याचा तुमचा तिसरा मुद्दाही इथेच निकालात निघतो. ते मास्तर नसते तर तुम्ही मागावरच असता. मी बोलते आहे ते याबद्दल की एवढं मोठं काम ओसरीवरच्या एका भल्या माणसावर का सोडलं जातं.

तुम्ही असंही लिहिलंय की तुमच्याकडे दहावी नापास हेल्पर आहेत, 'शिकून तरी काय केलं असतं, इथे सुखात आहेत'. हे वाचून मला पॉल विलिस या ब्रिटिश अभ्यासकाचं पुस्तक आठवलं. १९७७ साली आलं. इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका कारखान्यांच्या गावातली कामगारांची बारा पोरं, शाळेत मास्तरांची टर उडवणारी, अभ्यासू मुलांना बायल्या ठरवणारी. विलिस त्यांच्याबरोबर राहिला, कारखान्यापर्यंत त्यांच्या मागे गेला. त्याला दिसलं ते असं: शाळा आपल्याला खरं काही देणार नाही, हे या पोरांनी अचूक ओळखलं होतं. आणि त्याच शहाणपणाच्या जोरावर ती हसत हसत बापाच्याच कारखान्यात जाऊन उभी राहिली. त्यांना कुणी ढकललं नव्हतं. तुमची पोरं सुखात असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्यांच्यातल्या किती जणांना 'आपल्याला डोकं न्हाई' हे शाळेनेच शिकवलं, ते त्यांनाच विचारून बघायला हवं.

आता गडाचा मुद्दा. खरं भांडण इथे आहे.

तुम्ही म्हणता, शाळा समाजाला एकत्र बांधते, म्हणून तिच्यावर बोट ठेवू नये. हे म्हणणं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमचं. लहान पोर घरच्या सवयी घेऊन येतं, शाळा त्याला समाजाचे नियम, भाषा, निष्ठा शिकवते आणि त्यातून समाज टिकतो, असं तो सांगायचा. १९५९ साली टॅल्कट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने त्यात भर घातली: घरात पोर लाडकं असतं ते आपलं म्हणून, वर्गात मात्र सगळ्यांना एकच मोजपट्टी, आणि त्या मोजपट्टीने कोण कुठल्या कामाला जाईल ते ठरतं. ऐकायला न्याय्य वाटतं.

पण दुर्खीमच्या फ्रान्समध्ये काय चाललं होतं ते बघा. १८८१-८२ च्या कायद्यांनी तिथे प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, आणि ते फ्रेंचमधून. फ्रान्सच्याच ब्रिटनी भागातल्या शाळांत ब्रेटन ही घरची भाषा बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा जुनी खडाव अडकवायचे. दुसरं कुणी सापडलं की ती त्याच्या गळ्यात. समाज एकसंध झाला, पण कुणाच्या बोलीत, ते आधीच ठरलेलं होतं. बोर्दिएच्या बेआर्नच्या बोलीचीही तीच गत.

आपल्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो. त्या तारखेला शाळेत कर्नाटक राज्योत्सवाचा झेंडा आणि घरी निषेधाचा काळा दिवस. माझ्या लहानपणी सकाळी शाळेत लाल-पिवळा झेंडा पाहायचा आणि दुपारी काकाच्या दंडाला काळी फीत. शाळा मला समाजात आणत होती म्हणे. कुठल्या? सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा, हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. राज्यघटनेचं कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणतं, ते हवंच आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. इथवर मी तुमच्याबरोबर आहे. (आणि जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांसाठीही हेच म्हणते, हे वाचून काही जण मला फोन करतील. करा.)

पण गडाच्या आत काय चालतं?

आमच्याकडे बायका, पोरी सगळ्या 'मी आलो', 'मी गेलतो' असंच बोलतात. पाचवीत असताना उशीर झाला म्हणून दारात उभी राहून मी म्हटलं, "गुरुजी, मी आलो." गुरुजींनी विचारलं, "मुलगा आहेस काय?" वर्ग हसला. कन्नड मास्तरांनी नव्हे, आपल्याच मराठी शाळेत, आपल्याच मराठी गुरुजींनी. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनाही कुठल्यातरी ट्रेनिंग कॉलेजात असंच हसले असणार. 'काय करूलास', 'कुठं जाऊलास' हे सगळं अशुद्ध, आणि पुण्याच्या पुस्तकातलं ते शुद्ध. मी पटकन शिकले, कारण मामाच्या घरी सराव झाला. माझ्या बाकावरची एक मैत्रीण वर्गात बोलायचीच बंद झाली. 'अबोल मुलगी' असा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकात पडला. तळ्यावर कपडे धुताना तिच्याइतकी बडबड अख्ख्या गावात कुणाची नसायची.

ब्रिटनीतल्या खडावेचं वाचून आपल्याला राग येतो. कन्नड सक्तीचा तर येतोच. पण आपण आपल्याच पोरांच्या गळ्यात काय अडकवतो, ते आपल्याला दिसत नाही, कारण आपलं सगळं लक्ष गडाच्या दाराकडे.

भाषेपुरतंच हे असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण गडावर आता कोण उरलंय बघा. मातृभाषेचं माध्यम सरकारला लादता येणार नाही, माध्यम पालकांनी निवडायचं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. कर्नाटक सरकारची कन्नड सक्ती त्याने अडली म्हणून आपण खूश झालो. मग आपल्या पालकांनी निवडलं काय? इंग्रजी. मोर्चात मराठी शाळा वाचवा म्हणणाऱ्या कितीजणांची नातवंडं पिवळ्या बसने कॉन्व्हेंटला जातात, ते तुम्ही-मी दोघंही ओळखतो, नावं कशाला घ्या. मराठी शाळेत उरली ती ज्यांना बसचं भाडं परवडत नाही त्यांची पोरं. खानापूरच्या वाड्यांवरची, निपाणीला विड्या वळणाऱ्या बायकांची, तुमच्याच आळीतल्या मागांवरची. गड म्हणून ज्याचा अभिमान धरायचा, तिथे पहाऱ्याला गरिबाची पोरं ठेवायची, याला मी काय म्हणू?

हीच पोरं दहावीनंतर माझ्या वर्गात येतात. पुस्तक इंग्रजी, सूचना कन्नड, आणि ती दोन्हीकडे परकी. पहिले तीन महिने वहीत बोर्डावरची चित्रं उतरवल्यासारखी अक्षरं उतरवतात. मी समाजशास्त्र मराठीतून समजावते, मग इंग्रजीत लिहून देते, मागच्या बाकावरच्या कन्नड पोरांसाठी मोडकंतोडकं कन्नडही बोलते. ती पोरं माझं कन्नड ऐकून हसतात, गुरुजींच्या वर्गासारखीच. हसू दे. मी तर म्हणते आपल्या मराठी शाळांत कन्नड नीट, भाषा म्हणून, चांगल्या शिक्षकाकडून शिकवलं गेलं पाहिजे. निष्ठेची परीक्षा म्हणून लादलेलं कन्नड वेगळं, आणि राज्य सरकारच्या भरतीला, बँकेत, कोर्टात उपयोगी पडणारं वेगळं. आपण पहिल्याच्या रागात दुसरं सोडून दिलं आणि त्याची किंमत पुन्हा त्याच पोरांनी मोजली.

तुम्ही म्हणाल, परदेशी नावं घेऊन आपल्या घरातली उणीदुणी काढली. मग घरचंच नाव घेते. १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतिरावांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, ही त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. आणि शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातले घ्या, जे लोकांत मिसळतील आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला लाजणार नाहीत. बोर्दिएच्या ऐंशीएक वर्षं आधी हे लिहिलंय. त्या गुरुजींनी नांगर धरला असता, तर 'मी आलो' ऐकून ते हसले असते का, हा विचार मी बरेचदा करते.

तुमच्या शेजारचे मास्तर बहुधा त्या जातकुळीतले होते. त्यांच्याबद्दल सवडीने लिहून पाठवा, इथे छापेन.

कारखान्यात या म्हणालात, येते. पुढच्या आठवड्यात कॉलेजला परीक्षेची सुट्टी आहे, बुधवारी दुपारी जमेल. हेल्पर पोरांना जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास माझ्याशी बोलू द्या, तुम्ही मात्र तेवढा वेळ केबिनमध्ये बसा. दारात आले की फोन करीन. फोनवर "दादा, मी आलो" असं ऐकू आलं, तर राँग नंबर म्हणून ठेवू नका.