मराठी अडॅप्ट प्लीज

आज संध्याकाळी पाच चाळीसला आमच्या जाहिरात एजन्सीच्या ग्रुपवर मेसेज: 'मराठी अडॅप्ट प्लीज. सहाला रिलीज. जस्ट वन लाइन!'

त्या 'जस्ट'ने माझं डोकं फिरतं.

बिल्डरच्या होर्डिंगची ओळ. इंग्रजी ओळीवर सव्वा महिना काथ्याकूट झाला. दोन टीम, चार राउंड, लोणावळ्याला एक ऑफसाइट. हिंदीला तीन दिवस. मराठीला वीस मिनिटं, आणि ओळही क्लायंटने कुठल्याशा मशीनमधून आधीच काढून पाठवलेली: "घर तुमच्या विचारापेक्षा जवळ आहे."

परत वाचा. म्हणजे माझे विचार कल्याणला आणि घर मुलुंडला, असं काही आहे का?

मी तीन ओळी दिल्या. एक होती, "घर? हे काय, इथेच." पत्ता विचारला की आपण हात करून असंच सांगतो ना? उत्तर आलं, 'छान आहे, पण क्लोझर दॅन यू थिंक कुठे गेलं?' चुलीत गेलं.

मला अशा वेळी काका आठवतात. २००८ साली मी प्रभादेवीच्या एका एजन्सीत ट्रेनी होते. स्टुडिओत हे काका. प्रूफ शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायचे, म्हणजे अर्थ मध्ये येत नाही आणि चुका दिसतात. तेव्हाही बिल्डरचीच जाहिरात होती, ओळ माझी: "हे घर आईचं." मी तपासून सही केली, शिपाई सीडी घेऊन निघालासुद्धा. काका चहा पिता पिता प्रिंटआउट बघत होते. कप खाली ठेवला. "पोरी, 'आईच' झालंय. टिंब गेलं."

मी म्हटलं, कोणाला कळणार आहे?

"ओळ वाईट नाही," ते म्हणाले, "पण तू लिहिलेली नाहीस." आणि टॅक्सी करून शिपायाच्या मागे गेले. एका टिंबासाठी! क्लायंटला आजतागायत पत्ता नाही.

याच धंद्यात र. कृ. जोशी होते हो. उल्का या जाहिरात एजन्सीत. संगणकावर तुम्ही जो 'मंगल' फॉन्ट वाचता तो त्यांचा. नाटकांची नावं रेखाटणाऱ्या कमल शेडग्यांची अक्षरं बघायला लोक पेपरातलं नाटकांचं पान उघडायचे. आणि आता? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आमच्याकडे धडाधड शुभेच्छांच्या पोस्ट निघाल्या. सगळ्या आधी इंग्रजीत लिहिलेल्या. मीच अडॅप्ट केल्या, त्यामुळे फार बोलत नाही.

बरं, मान्य, पैसा क्लायंटचा आहे. आणि आपणही काही कमी नाही. चुकलेल्या होर्डिंगचा फोटो काढतो, हसतो, फॉरवर्ड करतो आणि फ्लॅट तिथेच बुक करतो.

तर शेवटी मशीनचीच ओळ पास झाली. आर्टवर्क आलं तर 'किंमत'मधली वेलांटी 'क'ला सोडून पुढच्या 'म'वर जाऊन बसलेली. मी सर्व्हिसिंगच्या, म्हणजे क्लायंट सांभाळणाऱ्या पोराला फोनवर असं काही झापलं की पलीकडे नुसती शांतता. तेवीस वर्षांचा आहे तो. नोकरीचा तिसरा महिना. ही ओळ त्याने लिहिली नाही, सहाची वेळ त्याने ठरवली नाही. काका माझ्यावर कधी ओरडले नव्हते, हे फोन ठेवल्यावर आठवलं. त्याला सॉरी लिहिलंय. ब्लू टिक आहे, उत्तर नाही.

हे टाइप करतेय तोवर स्टुडिओतल्या मुलाचा मेसेज आला. ओडिशाचा आहे, मराठीचा गंध नाही. सहा कधीच वाजून गेले होते, त्याला घरी जायचं सोडून हे करायची काही गरज नव्हती. 'दीदी, कंपोजर ग़लत लगा था. वर्ल्ड-रेडी कर दिया. अब मात्रा देखो.' कंपोजर म्हणजे सॉफ्टवेअरमधली अक्षरं जुळवणारी सेटिंग. सोबत स्क्रीनशॉट, वेलांटीभोवती लाल गोल.

झूम करून बघितलं. वेलांटी 'क'वर आहे. 'कि'वरचं टिंबही आहे. मग शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत गेले. सगळं जागच्या जागी, ओळ तेवढी तीच.

होर्डिंग उद्या लागतंय. भांडुप सोडलं की डावीकडे बघा.