पेशव्यांची जमीन म्हणे बळकावली!

मामाने काल घरच्या ग्रुपवर पुण्याच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलबद्दलचा (म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चबद्दलचा) लांबलचक मेसेज टाकला आणि खाली विचारलं, "खरं हाय का बे हे?" नाही मामा. त्यातला फोटोसुद्धा पुण्याचा नाही, इटलीतल्या मिलानचा आहे.

मेसेजचं मुख्य म्हणणं असं: 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी पेशव्यांची जमीन बळकावून हे कॅथेड्रल बांधलं, तेव्हा ती आता परत घ्या.

इथे दोन चर्चची खिचडी झालीय. पेशव्यांच्या जमिनीवर उभं आहे ते नाना पेठेतलं, क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च. आणि ती जमीन सवाई माधवराव पेशव्यांनी स्वतः दिली, 1792 मध्ये, म्हणजे शनिवारवाड्यावर भगवा फडकत होता तेव्हा. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते. त्यांना प्रार्थनेला जागा हवी, म्हणून फौजेतल्याच डॉम मिगेल दि नोरोन्हा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने ती मागितली होती. त्याच नाताळात तिथे पहिली मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, झाली. "परत घ्या" म्हणणारे खुद्द पेशव्यांचं दान मोडायला निघालेत, आणि तेही पेशव्यांच्या नावाने!

सेंट पॅट्रिक्स वेगळं. ते 1850 चं, कॅम्पातल्या आयरिश शिपायांसाठी बांधलेलं. इंग्रजांच्या लष्करासाठी झालं, एवढं मेसेजमधलं बरोबर, मान्य. पण पॅट्रिक हा कुणी 'गोरा कर्नल' नव्हे हो! पाचव्या शतकातला आयर्लंडचा संत तो.

"इथले बिशप इंग्रजांचे हस्तक" हे तर भलतंच. पुण्याचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला कॅथलिकांचा प्रदेश, 1886 चा. पहिले बिशप बायडरलिंडेन जर्मन, त्यांच्यामागून आलेले ड्योरिंगही जर्मन. 1914 मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा ड्योरिंग युरोपात होते. इंग्रजांनी त्यांना पुण्यात परत येऊच दिलं नाही. पुढे रोमने त्यांना जपानला, हिरोशिमाला धाडलं. पुणं पुन्हा दिसायला 1927 उजाडलं. हस्तकाला कुणी असं वागवतं का?

राहिलं मेसेजमधलं सोलापूर. इथले कॅथलिक पुणे धर्मप्रांतात येतात, खरंय. पण "सोलापूरचे सगळे ख्रिश्चन पोपच्या हुकमात" कसे? अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेच्या परंपरेतली मंडळी प्रोटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणारी. मामा, दर नाताळात तू ज्यांच्याकडे करंज्या हाणतोस ना, ते त्यातलेच. पुण्याच्या बिशपचं नावही त्यांना ठाऊक नसेल.