एप्सम सॉल्टने झाड लेव्हलमध्ये येत नाही हो

बाल्कनीत नाहीतर खोलीत एलईडीखाली मिरची-टोमॅटो लावणाऱ्या पुणेकरांमध्ये एक फॉरवर्ड फिरतोय, कोथरूडपासून हडपसरपर्यंत सगळ्यांना आलाच असेल. त्याचं म्हणणं असं की झाड दाट आणि सगळीकडून एकाच उंचीचं हवं असेल तर दर आठवड्याला सगळे शेंडे खुडा, दर रविवारी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, द्या, अंड्याची टरफलं आणि केळीच्या सालीचं पाणी घाला, विद्राव्य खतं सगळी एकाच बाटलीत कालवून ठेवा, जांभळा लाईट २४ तास चालू ठेवा आणि फुलं गळली की ०:५२:३४ (नत्र शून्य, स्फुरद ५२ टक्के, पोटॅश ३४ टक्के असलेलं खत) मारा. यातली प्रत्येक गोष्ट कुठेतरी अर्धी खरी आहे म्हणूनच लोक फसतात.

आधी शेंड्याचं बघू. शेंड्यातून ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक खाली येतं आणि ते बाजूच्या डोळ्यांना (सुप्त कोंबांना) दाबून ठेवतं, शेंडा काढला की फुटवे सुटतात, इथपर्यंत बरोबर. पण मिरची पहिल्या फुलापाशी स्वतःच दुभंगते, मग प्रत्येक बेचक्यात फूल आणि पुढे परत दोन फांद्या. दर आठवड्याला खुडत बसलात तर तुम्ही फुलांच्याच जागा खुडताय! रोप सहा-आठ पानांचं असताना एकदा खुडलं तर चालतं, पहिली मिरची थोडी उशिरा येते एवढंच. आणि टोमॅटो बुटका, ठरावीक वाढीचा असेल तर त्याचा शेंडा अजिबात खुडू नका, तो वाढतोच मोजका, माल कमी होतो. वेलीसारख्या वाढणाऱ्या चेरी टोमॅटोला एक-दोन खोडं ठेवून बगलफुटी (पानाच्या बगलेतले फुटवे) काढायच्या आणि सुतळीवर चढवायचं, पॉलिहाऊसवाले करतात तसंच.

मग लेव्हल येते कशाने? वाकवण्याने. सगळ्यात उंच फांदी आडवी करून बांधली की तिचा शेंडा खाली जातो, मागचे डोळे सुटतात आणि पंधरा-वीस दिवसांत सगळे शेंडे साधारण एका पातळीला येतात, एक पानही न तोडता. हे घरात जास्त महत्त्वाचं, कारण छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की प्रकाश जवळपास पावपट होतो, म्हणजे वरचा शेंडा भाजतोय आणि खालच्या फांद्या उपाशी. वाकवताना फक्त एक पथ्य, नुकतं पाणी दिलेलं असताना हात लावू नका, तेव्हा फांदी टरारलेली असते आणि कटकन मोडते, पाणी द्यायच्या आधी ती जरा मऊ असते. बांधायला जुन्या सुती कापडाची पट्टी घ्या, बारीक तार सालीत रुतते. आणि एका दिवसात पूर्ण आडवी करायची नाही, दोन-तीन दिवसांनी थोडी थोडी खाली ओढायची.

आता लाडकं एप्सम सॉल्ट. त्यात मॅग्नेशियम साधारण १० टक्के. कमतरता असेल तर खालची जुनी पानं शिरांच्या मध्ये पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, तसं दिसलं तर द्या की, कोण नको म्हणतंय. पण आपली माती बेसॉल्टची, तिच्यात मॅग्नेशियम बऱ्यापैकी असतंच, आणि सोसायटीत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येत असेल तर नळाच्या तोटीवरचा पांढरा थर बघा, कॅल्शियम-मॅग्नेशियम तिथूनही येतंय. जेवून उठलेल्या माणसाला आग्रहाने परत ताट वाढायचा प्रकार आहे हा, वर जास्तीचं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या आड येतं आणि टोमॅटोच्या फळांची बुडं काळी पडतात ती वेगळीच. उलट नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावलं असेल तर गोष्ट बदलते, कोकोपीट कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून बसतं, तिथे दोन्हीची गरज पडते. म्हणजे आधी कुंडीत काय भरलंय ते सांगा, मग रविवारचं बोलू.

टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या अल्कलीकडे झुकणाऱ्या मातीत ते विरघळायला जाम वेळ लागतो, या सीझनच्या टोमॅटोला त्याचा उपयोग शून्य. बुड काळं पडण्याचं कारण बरेचदा पाण्याची अनियमितता असते, शनिवार-रविवार कुंडी वाळली आणि सोमवारी बदाबदा ओतलं. सालीच्या पाण्यात थोडं पोटॅश असतं, नत्र जवळजवळ नाही, चिलटं मात्र नक्की.

एका बाटलीत कालवायचा सल्ला तर सगळ्यात वाईट. कॅल्शियम नायट्रेट हे एप्सम किंवा ०:५२:३४ बरोबर घट्ट द्रावणात मिसळलं की खाली पांढरा गाळ बसतो, तो जिप्सम नाहीतर कॅल्शियम फॉस्फेट असतो, म्हणजे पैसे देऊन आणलेलं खत बाटलीच्या तळाला. कॅल्शियम एका दिवशी, बाकीचं चार दिवसांनी. कुंडीला १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, पुरे होतं, कळ्या दिसल्या की पोटॅश वाढवा. पानं गडद हिरवी होऊन टोकं खाली वळायला लागली तर नत्र जास्त झालंय, थांबा.

२४ तास लाईट? टोमॅटोला रात्र लागते, सतत उजेडात पानं पिवळी पडतात. १४ ते १६ तास बास, आणि साधा पांढरा एलईडी चालतो, जांभळ्या उजेडात पानाचा खरा रंगच कळत नाही, मग रोग ओळखणार कसा? मिरचीचा चुरडामुरडा, म्हणजे पानं आक्रसून वळणं, तर खतांनी जातच नाही, पान उलटं करून फुलकिडे किंवा कोळी (पानाचा रस शोषणारे बारीक जीव) आहेत का ते भिंगातून बघावं लागतं.

राहिली फुलगळ. एप्रिलमध्ये पुण्यात पारा ३८-४० ला जातो आणि मिरची ३५ च्या पुढे फुलं टाकते, टोमॅटोला तर रात्रीची गरमीसुद्धा सोसत नाही. तेव्हा ०:५२:३४ मारून काय होणार? ५० टक्के सावली देणारी ग्रीन नेट लावा, सकाळी पोटभर पाणी द्या, कुंडी तापलेल्या कठड्यावरून खाली घ्या आणि पहिल्या वळवापर्यंत खताच्या पुड्या बंद करून ठेवा.