"शस्त्रं देणं बंद करा, युद्ध उद्याच थांबेल": हे तीनदा करून झालंय

युक्रेनवरचा एक मेसेज सध्या फॅमिली ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिका आणि युरोप शस्त्रं पुरवतात म्हणूनच युद्ध लांबलंय, पुरवठा थांबला की उद्याच शांतता. पॅट्रिऑट (येणारी मिसाईल्स हवेतच पाडणारी अमेरिकी यंत्रणा) वगैरे सगळी धूळफेक, तीस हजार डॉलरच्या ड्रोनवर चाळीस लाख डॉलरचं मिसाईल उडवायचं. पैसा सगळा झेलेन्स्कीच्या खिशात. असंच चाललं तर अणुयुद्ध अटळ. आणि लढण्यापेक्षा टेबलावर बसायला हवं होतं. खाली हात जोडलेला इमोजी.

पहिला मुद्दा सगळ्यात मोठा, म्हणून त्यावरच जास्त बोलतो. पुरवठा बंद ठेवून काय होतं ते जगाने आधीच बघितलंय. २०१४ ला रशियाने क्रिमिया घेतला तेव्हा ओबामा सरकारने ठरवून मारक शस्त्रं दिली नाहीत, ब्लँकेटं दिली, नाइट व्हिजन दिलं, हमवी गाड्या दिल्या. मग रशिया तिथेच थांबला का? त्याच ऑगस्टमध्ये पूर्व युक्रेनमधल्या इलोवाइस्कला युक्रेनी सैन्याची कत्तल झाली, फेब्रुवारी २०१५ मध्ये मिन्स्कच्या दुसऱ्या युद्धबंदी करारावरची शाई वाळायच्या आत देबाल्त्सेवे शहर हातचं गेलं. अमेरिकेची रणगाडे फोडणारी जॅव्हलिन मिसाईल्स तिकडे पोचली ती थेट २०१८ मध्ये.

दुसऱ्यांदा २०२३-२४ चा हिवाळा. अमेरिकी काँग्रेसमध्ये मदतीचं बिल महिनोन्महिने अडकलं, आघाडीवर तोफगोळे मोजून वापरायची वेळ आली, १७ फेब्रुवारीला अव्दिइव्का शहर सोडावं लागलं. ११ एप्रिलला कीव्हजवळच्या त्रिपिल्या वीजकेंद्रावर ११ मिसाईल्स आली, त्यातली ७ पाडली आणि उरलेल्या ४ नी अख्खं केंद्र संपवलं, कारण पाडायला मिसाईलच शिल्लक नव्हती, हे झेलेन्स्कीनेच नंतर सांगितलं. बिल सभागृहात पास झालं २० एप्रिलला. तिसऱ्यांदा मार्च २०२५, ट्रम्पने शस्त्रं आणि गुप्तचर माहिती दोन्ही काही दिवस थांबवली, आणि त्याच दिवसांत दोब्रोपिल्या नावाच्या गावात रशियाच्या हल्ल्यात एका रात्रीत ११ माणसं मेली. म्हणजे पुरवठा आटला की समोरचा शांत बसतो असं एकदाही झालेलं नाही, उलट त्याला वाटतं आता अजून थोडं रेटूया.

आता महागड्या मिसाईलचं. चाळीस लाख आणि तीस हजार हे आकडे साधारण बरोबर आहेत, गणित चुकीचं आहे, कारण रशिया सोडतो त्या स्वस्त शाहेद ड्रोनवर शक्यतो पॅट्रिऑट मारतच नाहीत. त्याला गेपार्ड आहे, जर्मन सैन्याने कधीच रिटायर केलेलं ३५ मिलिमीटरच्या दोन तोफांचं जुनं धूड, पिकअपच्या मागे मशीनगन लावून रात्रभर फिरणारी पोरं आहेत, जॅमर आहेत, आणि आता ड्रोनला जाऊन धडकणारे स्वस्त ड्रोनही आहेत. पॅट्रिऑट राखून ठेवतात रशियाच्या बॅलिस्टिक मिसाईलसाठी, म्हणजे इस्कंदर आणि किंझाल. किंझाल कोणालाच अडवता येणार नाही अशी फुशारकी पुतिनने २०१८ मध्ये मारली होती, आणि मे २०२३ मध्ये पॅट्रिऑटने ते कीव्हच्या आकाशात पाडलं.

आणि पॅट्रिऑट नसतं तेव्हा काय होतं? १४ जानेवारी २०२३, शनिवारची दुपार, द्निप्रो शहरातली नऊ मजली बिल्डिंग. त्यावर आलं ख-२२, विमानवाहू जहाज बुडवायला बनवलेलं सोव्हिएत मिसाईल, जवळपास टनभर स्फोटकाचं. एका जिन्याचे सगळे फ्लॅट वरपासून खालपर्यंत कोसळले, ४६ माणसं गेली. हे पाडू शकेल असं आमच्याकडे काहीच नाही, असं युक्रेनच्या हवाई दलाने तेव्हा उघड सांगितलं होतं. पहिलं पॅट्रिऑट पोचलं एप्रिलमध्ये. दोन रुपयांच्या काडीने पाच कोटींचं गोदाम जळतं, तिथे हिशोब काडीच्या किमतीचा नाही लावत कोणी.

हां, एक गोष्ट खरी, पॅट्रिऑटची मिसाईल्स सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला काहीशेच बनतात आणि टंचाई भयंकर आहे. पण त्यावरून "अजून बनवा" निघतं, "देऊ नका" कसं निघतं? आणि मे २०२५ मध्ये आपल्या एस-४०० ने, आकाशने, त्या जुन्या एल-७० तोफांनी पाकिस्तानचे ड्रोन पाडले तेव्हा याच ग्रुपवर सगळे नाचत होते, एअर डिफेन्समुळे युद्ध लांबतं असं तेव्हा एकालाही सुचलं नाही.

पैशाचं पटकन उरकतो. अमेरिकेच्या लष्करी मदतीतला मोठा भाग अमेरिकेतल्याच कारखान्यांत खर्च झाला, तोफगोळे पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला बनतात, तिथल्या कामगाराचा पगार झेलेन्स्कीच्या खिशात कसा जातो ते मेसेजवाल्याने सांगावं. पेंटॅगॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या, इन्स्पेक्टर जनरलने २०२४ मध्ये अब्जभर डॉलरच्या शस्त्रांची नोंद वेळेत झाली नाही म्हणून झापलं होतं, ते बरोबरच आहे, पण माल चोरीला गेला का हे त्या रिपोर्टने तपासलंच नव्हतं.

अणुयुद्धाची धमकी युक्रेनला रणगाडे देताना झाली, एफ-१६ विमानं देताना झाली. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण या दोघांत अणुबॉम्ब सोडून दिलेला देश कोणता? युक्रेनच. १९९४ ला बुडापेस्टमध्ये सही करून, रशियाच्या शब्दावर. नंतर गॅसच्या थकबाकीपोटी ख-५५ ही अणुस्फोटक वाहणारी मिसाईल्सही रशियालाच दिली, आणि २०२२ मध्ये त्याच जातीची मिसाईल्स, अणुस्फोटक काढून, युक्रेनवर येऊन पडली.

राहिलं टेबल. बसले होते की, मार्च-एप्रिल २०२२ मध्ये, इस्तंबूलला वगैरे. रशियाच्या मसुद्यात युक्रेनचं सैन्य ८५,००० वर आणायचं होतं, युक्रेन अडीच लाख म्हणत होता. युक्रेनच्या मिसाईलची रेंज रशियाला हवी होती जास्तीत जास्त ४० किलोमीटर. आणि पुन्हा हल्ला झाला तर हमीदार देश, म्हणजे युक्रेनच्या सुरक्षेची हमी देणारे, धावून येणार, पण सगळ्या हमीदारांची संमती असेल तरच, आणि त्या हमीदारांच्या यादीत रशिया स्वतः होता.