‘गूगल वाचून डॉक्टरकी करू नका, मास्तर’

नमस्कार साहेब. ऐंशीपुढच्या माणसांची शरीरातली सूज आणि लकवा या माझ्या लेखाखाली आपण नांदेडहून पाच-सहा ओळी लिहिल्यात. वर दिलंय ते त्यातलं शेवटचं वाक्य. आधी तेच घेतो.

मास्तर आहे, खरंय. 26 वर्षं झाली, औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर. पण हा शब्द शिवीसारखा वापरायची रीत कुठली? आमच्या लातूरकडं तरी नाही. (बायको म्हणते, जाऊ द्या. नाही जाऊ देत.)

एक चूक कबूल. सीआरपीचं (आतली सूज वाढली की रक्तात वाढणारं प्रथिन) माप मी डेसिलिटरला लिहिलं, ते लिटरला हवं होतं. दहापटीचा फरक. दुरुस्त केलंय, आभार. त्यासाठी ‘गणित तरी नीट शिकवता का’ असं विचारायची गरज नव्हती.

आता माझं गूगल ऐका. आज्जीला आम्ही माय म्हणायचो. वय 88. माघात खोकला-ताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी बशीतून चहा पीत होती, तर डाव्या ओठातून चहा गळून लुगड्यावर पडायला लागला, आणि तिला पत्ताच नाही. ‘माय, चहा सांडायलाय,’ म्हणालो तर हसली. अर्ध्याच तोंडानं. गल्लीत म्हणाले, वारं गेलं. शेजारचा एक जण कबुतर धरून आला, रक्त चोळायला. या गोंधळात दोन तास गेले, मग गाडी मिळेना. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे मला दवाखान्यात कळलं, सहा तासांनी. तिथले डॉक्टर म्हणाले, ‘वय झालंय.’ आणि तुम्ही लिहिता, ‘नव्वदीत लकवा वयानं होतो, सुजेनं नाही.’

वय काल नव्हतं का हो? परवा नव्हतं? मग त्याच सकाळी का? छातीत संसर्ग झाला की आत सूज चढते, यकृत सीआरपीसोबत फायब्रिनोजन हे रक्त गोठवणारं प्रथिनही जास्त सोडतं, रक्ताला गोठायची घाई होते, त्यात म्हातारं माणूस पाणी पीत नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडच्या नोंदी तपासून 2004 साली छापलंय : श्वसनाच्या संसर्गानंतर पहिल्या तीन दिवसांत लकव्याची जोखीम तिपटीवर जाते, मग हळूहळू उतरते. फ्लूच्या लशीनंतर तशी वाढ दिसली नाही. नेदरलँड्समधल्या लायडनला तर 85 वर्षांच्याच माणसांवर सूज आणि लकव्याचा अभ्यास झालाय. हे गूगलवरच सापडतं, हो.

सीआरपी नुसता साक्षीदार आहे, कारण नव्हे, हा तुमचा मुद्दा संशोधकांनी बघावा. कडब्याच्या गंजीतून धूर निघाला की मी पाणी घेऊन पळतो. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचं लिहिलं नाही म्हणता? त्या लेखातला दुसरा परिच्छेद वाचा. वाचला असता तर.

आणि ‘बीपी वाढलेलं असणार’ हे तुम्ही नांदेडला बसून ठरवू नका. मायच्या बीपीची वही माझ्याच अक्षरातली आहे, शंभर पानी. शेवटची नोंद ताप चढला त्या संध्याकाळची, 130/80. फोटो हवा असेल तर टाकतो.