घाटरस्त्याच्या आखणीवर भांडावे कसे?

आपल्या भागात नवा घाट फोडणार अशी कुणकुण लागली की डोंगर चढायला जाऊ नका. मोबाईलवर नकाशा उघडा, पायथ्याचं गाव आणि माथ्यावरची बाजारपेठ यांच्यात बोटाने सरळ रेघ ओढा आणि "अवघे चार किलोमीटर" अशी बातमी छापून आणा. चढ सहाशे मीटरचा आहे, घाटाला वीसास एक उतार (वीस मीटर रस्त्याला एक मीटर चढ) धरतात, म्हणजे रस्ता बारा किलोमीटरच्या आत बसत नाही, असं म्हणणारा अभियंता शेजारच्या गावाने फोडलाय हे उघडच आहे.

सर्व्हेवाले वरच्या खिंडीपासून अ‍ॅबनी लेव्हल (उताराचा कोन मोजायचं हातातलं उपकरण) लावत खाली येतात, कारण माथ्यावर सोयीची खिंड एकच आणि पायथ्याला गावं दहा. तुम्ही खालून वर भांडत जा. हेअरपिन, म्हणजे जिथे रस्ता उलटा फिरतो ती वळणं निम्मी करा म्हणावं. वळणात उतार चाळीसास एक, आतली त्रिज्या किमान 14 मीटर, दोन वळणांत 60 मीटरचं अंतर असली कलमं कागदावर शोभतात. भरलेला ट्रक वळणात अडकून मागे घेताना चाक दरीकडे गेलं, तर चालकाला घाटाची सवय नव्हती म्हणायचं.

काजूची बाग वाचवायची असेल तर आखणीची खुंटी रात्री उपटून पाच मीटर उंचावर ठोका. मग तिथपर्यंतच्या दीडशे मीटरांत साडेसातऐवजी साडेबारा मीटर चढावं लागतं, वीसास एकचा उतार बारास एक होतो. बाग वाचली ना?

गुराख्यांना विचारू नका. बोरघाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा धनगराने दाखवली आणि इनामात गोळी मिळाली, अशी आख्यायिका आहे. ती गुराख्यांनाही ठाऊक असते.

पाण्यावर तर कोणीच भांडू नये. मोऱ्या किती, कापलेल्या दरडीच्या वर चर खणला का, खोदलेला मुरूम कुठल्या ओढ्यात ढकलला, हे प्रश्न सभेत विचारले की माणसं जांभया देतात. कातळाच्या दोन थरांमधली तांबडी माती पाणी पिऊन सुटते आणि वरचा कातळ रस्त्यावर बसतो. पण ते जुलैमध्ये, आणि सभा मार्चमध्ये असते.

आखणी बदलण्याचं निवेदन मात्र वनखात्याची मंजुरी आल्यावरच द्या. 1980 च्या वनकायद्याखालचा प्रस्ताव ठरलेल्या आखणीच्या नकाशासकट जातो. रेघ हलली की मोजणी, झाडांची गणती, सगळं पहिल्यापासून. सत्कारालाही दुसऱ्यांदा जागा होते.

तोवर जुने घाट आहेतच. 2024 च्या जानेवारीत वैभववाडी-गगनबावड्यामधला करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला तेव्हा वाहनं भुईबावडा आणि फोंडा घाटांकडे वळली. त्या वळशात जळलेल्या डिझेलचा हिशेब निवेदनात घालू नका. त्यावर आखणीवरून भांडणाऱ्या दोन्ही गावांचं एकमत होण्याचा धोका असतो.